राजापेठेतील जुनी शेगडी

अमरावतीस राजापेठेतील एका भंगाराच्या दुकानी आम्हांस नुकतीच एक लोखंडी शेगडी आढळली. जाळी जळून गेलेली, आतील मातीचा लेप ढासळलेला, एक कान तुटलेला. दुकानदाराने ती काट्यावर टाकली व वजनाप्रमाणे किंमत सांगितली. लोखंड तराजूत मावले. तिचा इतिहास तेवढा बाहेर राहिला.

वऱ्हाडी घराचे मूळ दैवत चूल. पऱ्हाटी, तुऱ्हाटी आणि गोवऱ्या यांवर तिचा निर्वाह चाले. १८५३ साली निजामाने हा प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) येथील कापसास अपूर्व भाव आणला आणि १८६७ त आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. कापूस मुंबईस गेला; परतीच्या वाटेने विलायती पत्रा व लोखंड आले. पेठा वाढल्या, भाड्याच्या खोल्यांतून संसार मांडले जाऊ लागले. अशा संसारास उचलून नेता येईल अशी चूल हवी होती. शेगडीने ती गरज भागविली. कित्येक शेगड्या तर फुटक्या बादल्यांपासूनच घडविलेल्या असत. अर्थात जीर्णोद्धार हा शेगडीच्या जन्मातच आहे.

तिची दुरुस्ती अवघड नव्हे. विटेच्या भुकटीने गंज घासून काढावा. जाळी लोहाराकडून नवी घ्यावी, कान रिवेटने बसवावा. चिकणमाती, शेण व कुटार मळून आतून लेप द्यावा आणि तो सावलीत वाळू द्यावा. घाई केल्यास भेगा पडतात. बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन लोखंड तापविले म्हणजे त्यावर गंजरोधक कवच धरते. माती व जाळी झिजावयाची, सांगाडा टिकावयाचा, अशीच या वस्तूची योजना आहे.

तथापि गतकाळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. चुलीच्या धुराने व निखाऱ्यांच्या धगीने आमच्या आज्यांचे डोळे आणि छाती जर्जर केली. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये निघालेला वातीविना जळणारा स्टोव्ह आणि १९५५ त मुंबईत आलेला सिलिंडरचा गॅस यांनी गृहिणीस दिलेली सुटका लहान नव्हे. कोळशाचा विषारी वायू तर बंद खोलीत प्राणही घेतो. म्हणून शेगडीने स्वयंपाकघरात परतू नये; तिची जागा अंगणात.

आम्ही ती शेगडी घरी आणली. लेप देण्याची रीत घरातील वडीलधाऱ्या बाईंनाच ठाऊक होती. त्यांचे हात चालत असता मुले पाहत बसली. पौषातल्या थंडीत अंगणात निखारे फुलले, भरताचे वांगे त्यांवर भाजले गेले. शेगडी दुसरीही मिळेल. परंतु माती किती ओली मळावी हे सांगणारे हात भंगारात शोधून सापडावयाचे नाहीत. ते आहेत तोवरच विचारून घ्यावे.