अजमास : एका शब्दाची घसरण

दिवाळीच्या सुमारास नरखेड तालुक्यात आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात. व्यापारी बगीच्यात येतो, चार-दोन झाडांवरचा माल नजरेने मोजतो, झाडांच्या संख्येने गुणतो आणि उक्ता भाव सांगतो. आमच्याकडची जुनी माणसे याला ‘अजमास’ म्हणतात.

शब्दकोशांत या शब्दाचा माग फारसी ‘आझमाइश’पर्यंत जातो. त्याचा अर्थ कसोटी, पारख. ‘आजमावणे’ हे क्रियापदही त्याच कुळातले. म्हणजे कसोटीचा शब्द मराठीत येऊन कसोटीआधीच्या अंदाजाला चिकटला.

असे घसरलेले शब्द आणखी आहेत. ‘कयास’ मूळचा अरबी. इस्लामी धर्मशास्त्रात ज्ञात नियमावरून, साम्य दाखवून, नव्या प्रकरणाचा निर्णय करण्याची ती शिस्तबद्ध रीत; मराठीत मात्र तो नुसता अंदाज झाला. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे आहेत. तिथे ‘अनुमान’ धुरावरून अग्नी सिद्ध करते; आपण मात्र ‘माझे आपले अनुमान’ असे सहज म्हणतो. ‘तर्क’ सोळा पदार्थांत असला तरी गौतमाने त्याला प्रमाणांत बसवले नाही. तो प्रमाणाला वाट दाखवतो, प्रमाणाची जागा घेत नाही. हा भेद मला पुष्कळ उशिरा कळला.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावाच्या नावाची व्युत्पत्ती मी एका छोट्या लेखात मांडली होती. हाती कागद नव्हता, शिलालेख नव्हता. होते ते फक्त ध्वनिसाम्य. ‘बहुधा’ हा शब्द मी आठवणीने लिहिला होता. पुढे एका स्मरणिकेत तीच व्युत्पत्ती ‘बहुधा’शिवाय छापली गेली. अलीकडे त्याच गावातल्या एका शाळकरी मुलाने तो ‘इतिहास’ मला घडाघडा ऐकवला. ‘हे कोणी सांगितलं?’ म्हटले, तर म्हणाला, ‘पुस्तकात आहे, काका.’

व्यापाऱ्याचा अजमास तोडणीच्या दिवशी आपोआप तपासला जातो. माल कमी निघाला तर त्याच्याच खिशाला चाट बसते. इतिहास लिहिणाऱ्याच्या अजमासाला तोडणी नसते. म्हणून ती त्याने स्वतःच करायची असते.

त्या व्युत्पत्तीला आजही माझ्याकडे पुरावा नाही. तो अजमास होता, आणि तो मी इथे मागे घेतो.