हार्ड डिस्कचे सोंग

काम चालू असताना संगणक मध्येच थबकतो. माउसचा बाण हलतो, पण क्लिक केले तर काही होत नाही. टास्क मॅनेजर कसाबसा उघडलाच, तर डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसतात आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र शून्य. अर्ध्या-एक मिनिटाने सगळे पुन्हा सुरू होते, जणू मधे काही घडलेच नाही. असा संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर न्या किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी, उत्तर बहुधा एकच मिळते: एसएसडी गेली, नवीन टाका. हे निदान अगदीच निराधार नाही. पण या ड्राइव्हचा इतिहास पाहिला तर वेगळेच चित्र समोर येते. गाजलेल्या आणि कागदोपत्री नोंद झालेल्या प्रकरणांत चिप मेल्याची उदाहरणे थोडी. ड्राइव्ह आणि संगणक यांच्यातला संवाद तुटल्याची उदाहरणे पुष्कळ. आणि तो संवाद असा नाजूक राहिला, कारण या वस्तूने जन्मापासून दुसऱ्याच वस्तूचे सोंग घेतले आहे.

सोंगाची सुरुवात फ्लॅश मेमरीच्याही आधीची. 1978 साली अमेरिकेतल्या स्टोरेजटेक कंपनीने 4305 नावाचे यंत्र काढले. क्षमता 45 एमबी, किंमत सुमारे चार लाख डॉलर. आत एकही फिरती तबकडी नव्हती, पण आयबीएमच्या मोठ्या संगणकाला ते आयबीएमच्याच 2305 या डिस्कसारखे दिसे. ग्राहकाला आपल्या प्रणालीत काही बदलावे लागू नये, एवढाच हिशेब. पुढे तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी 1984 मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली, 1987 मध्ये तिचा नँड हा प्रकार आला, आणि 1991 मध्ये सनडिस्कने (आजची सँडिस्कच, तेव्हा स्पेलिंग वेगळे) आयबीएमसाठी 20 एमबीचा फ्लॅश ड्राइव्ह बनवला. किंमत हजार डॉलरच्या घरात. हिशेब मात्र 1978 चाच राहिला: संगणकाला कळताच कामा नये की पलीकडे डिस्क नाही.

अडचण अशी की नँडचा स्वभाव डिस्कच्या अगदी उलट. डिस्कवर लिहिलेल्या जागीच पुन्हा लिहिता येते. फ्लॅशमध्ये आधी पुसावे लागते, आणि पुसणे किरकोळीत होत नाही, ठोकच करावे लागते. 2008 च्या सुमाराच्या इंटेलच्या ड्राइव्हमध्ये लिहिण्याचे एक पान 4 केबीचे होते आणि पुसण्याचा एक ब्लॉक अशा 128 पानांचा, म्हणजे 512 केबीचा. वाचायला लागणारे मायक्रोसेकंद दहांच्या घरात, लिहायला लागणारे शेकड्यांच्या, पुसायला थेट मिलिसेकंद. ही तफावत झाकायला मधे एक दुभाष्या बसवावा लागला. संगणक म्हणतो ‘अमुक क्रमांकाच्या जागी लिही’; दुभाष्या दुसऱ्याच रिकाम्या पानावर लिहितो, त्याची नोंद आपल्या तक्त्यात करतो आणि जुने पान सवडीने पुसायला ठेवतो. इस्रायलच्या एम-सिस्टिम्समधल्या अमीर बान यांना या पद्धतीचे पेटंट 1995 मध्ये मिळाले. आज प्रत्येक एसएसडीत या दुभाष्याचा कुठला ना कुठला अवतार असतो. पत्ता, क्षमता, आज्ञा या सगळ्यांचे सोंग तो उत्तम वठवतो. वेळेचे सोंग मात्र आणता येत नाही. रिकामी पाने संपली की साफसफाई होईपर्यंत संगणकाला ताटकळावेच लागते.

हे प्रथम मोठ्या प्रमाणावर उघडे पडले ते 2008 मध्ये. स्वस्त एसएसडींची पहिली लाट आली, त्यांतल्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये जेमायक्रॉन कंपनीचा जेएमएफ602 हा कंट्रोलर, म्हणजे दुभाष्याचे काम करणारा भाग, होता. मोठी फाइल सलग लिहिताना त्याचे आकडे झकास. पण ब्राउझर, मेल, अँटिव्हायरस ही मंडळी सलग लिहीतच नाहीत; इकडे चार केबी, तिकडे चार केबी असा त्यांचा खाक्या. अशा फुटकळ लेखनाला हा कंट्रोलर कित्येकदा अर्धा-एक सेकंद घेई, आणि तेवढा वेळ अख्खा संगणक ताटकळे. ‘आनंदटेक’ या संकेतस्थळाचे संस्थापक आनंद लाल शिंपी यांनी त्या वेळी केवळ वेग न मोजता प्रत्येक लेखनाला लागणारा विलंब मोजला, आणि ग्राहक ज्याला विंडोजचा दोष समजत होते तो कुठे आहे ते दाखवले. त्याहून बोलका पुरावा ओसीझेडच्या व्हर्टेक्स ड्राइव्हचा, कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा. बाजारात येण्याआधी तोही अडखळत होता. कंपनीने खोक्यावर छापायचा सलग वेग कमी पत्करला, फर्मवेअर, म्हणजे दुभाष्याचा प्रोग्राम, बदलले आणि अडखळणे थांबले. चिप त्याच, कंट्रोलर तोच.

यावर उपाय निघाला तो सोंग थोडे बाजूला सारूनच. फाइल पुसली की ‘या जागा आता मला नकोत’ असे संगणकानेच ड्राइव्हला सांगायचे, ही ट्रिम आज्ञा. 2009 च्या विंडोज 7 मध्ये ती आली, पाठोपाठ लिनक्समध्येही. पण ट्रिम स्वतःही हँगचे कारण ठरू शकली. साटा जोडणीवर मूळची ट्रिम रांगेत उभी राहत नसे. आधीच्या सगळ्या आज्ञा संपवून मगच तिला सोडावे लागे. 2011 च्या साटा 3.1 मध्ये रांगेतली ट्रिम आली, तर काही ड्राइव्हना ती नीट हाताळता येईना, म्हणून लिनक्सने त्यांची काळी यादीच ठेवली. 2015 मध्ये अल्गोलिया कंपनीच्या सर्व्हरवर डेटा बिघडू लागला, तेव्हा संशय साहजिकच सॅमसंगच्या ड्राइव्हवर गेला. शोधाअंती चूक निघाली ती लिनक्सच्या कर्नलमध्ये. पलीकडून काय चालले आहे ते दिसत नसले की बोट कुणाकडेही वळते.

यावर कुणी म्हणेल, फ्लॅशची झीज हे तरी सोंग नाही. बरोबर आहे. प्रत्येक पेशीला पुसण्याची मर्यादा असते, आणि मरणाऱ्या पेशी पुन्हा पुन्हा वाचू पाहणारा ड्राइव्हही हँग होतो. पण झिजलेल्या ड्राइव्हची चाहूल बहुधा आधी लागते: राखीव ब्लॉकची संख्या घटते, न सुधारता येणाऱ्या चुका वाढतात. उलट क्रुशल एम4 चे प्रकरण बघा. हा ड्राइव्ह एकूण 5,184 तास, म्हणजे 216 दिवस चालू राहिला की गप्प होई. वीज काढून पुन्हा दिली की जागा होई, आणि तासाभराने पुन्हा गप्प. पेशी ठणठणीत, चालू तास मोजणाऱ्या काउंटरच्या हाताळणीत चूक होती. जानेवारी 2012 मध्ये नवे फर्मवेअर आले आणि ‘मेलेले’ ड्राइव्ह कामाला लागले. ज्यांनी तोवर ते टाकून दिले असतील, त्यांनी चांगला माल टाकला. 2019 मध्ये एचपी एंटरप्रायझने आपल्या काही ड्राइव्हबद्दल असाच इशारा दिला. तिथे आकडा 32,768 तासांचा होता आणि त्यापुढे ड्राइव्ह कायमचा जाई. दोनाचा पंधरावा घात म्हणजे 32,768, एवढे सांगितले की तास मोजणारा काउंटर तिथे ओसंडला हे प्रोग्रामरला सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता एनव्हीएमई आले, डिस्कचा वारसा संपला. 2011 च्या या मानकाने आज्ञांची एकच रांग काढून हजारो रांगा दिल्या, हे खरे. पण जागांचे क्रमांक डिस्कच्याच पद्धतीचे राहिले, दुभाष्याही राहिला. शिवाय वीज वाचवण्यासाठी ड्राइव्हने आपणहून झोपायचे ठरवले. 2017 मध्ये लिनक्सने ही सोय सरसकट चालू केली, तेव्हा काही ड्राइव्ह झोपले ते उठेनात आणि लॅपटॉप जागच्या जागी थिजले. आणि तो थबकण्याचा काळ अर्ध्या-एक मिनिटाचाच का? लिनक्स एका आज्ञेची साधारण 30 सेकंद वाट बघतो, विंडोज कधी मिनिटभर. मग कंटाळून जोडणी रीसेट करतो. फिरती तबकडी पूर्ण वेगाला यायला काही सेकंद लागत, खराब जागा वाचायचा तिचा आटापिटा त्याहून लांबे, त्या काळचा हा संयम. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 129 क्रमांकाची नोंद दिसली, तर हेच झाले असे समजावे.

म्हणून तपासाचा क्रमही या इतिहासाप्रमाणेच लावावा लागतो. 129 ची नोंद सापडली तर आधी जोडणीची वीजबचत बंद करून पाहायची. साटा असेल तर ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवतो त्या स्मार्टच्या तक्त्यात सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा वाढतो का बघायचे. वाढत असेल तर दोष केबलचा, आणि ती बदलायला फार पैसे लागत नाहीत. ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा मोकळी करायची, ट्रिम चालू आहे ना ते पाहायचे, फर्मवेअर निर्मात्याच्या ताज्या आवृत्तीशी ताडायचे. एवढे करूनही हँग होत असेल तर ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावायचा. दुकानदार म्हणेल, एवढ्या उस्तवारीत माझा अर्धा दिवस जातो आणि नवी एसएसडी दोन-तीन हजारांना मिळते. त्याच्या हिशेबात चूक नाही; पण दोष केबलचा किंवा वीजबचतीचा असेल तर नवा ड्राइव्हही आठवड्याभरात तसाच हँग होईल आणि गिऱ्हाईक परत दारात येईल. एका बाबतीत मात्र दुकानदार आणि इतिहास यांचे एकमत आहे: यातले काहीही करण्याआधी डेटा उतरवून घ्यायचा. एम4 ने दर वेळी तासभर तरी दिला होता, 32,768 तासांच्या ड्राइव्हनी तोही दिला नाही.