अंडरग्राउंड मेटल (डेथ व ब्लॅक मेटल) : महाराष्ट्रातील अल्बम आणि श्रवण

अंडरग्राउंड मेटल : हेवी मेटल संगीताच्या डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल या दोन उग्र शाखांतले, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना वगळून निघणारे अल्बम व त्यांभोवती उभा राहिलेला रसिकांचा व्यवहार. महाराष्ट्रात त्याचे केंद्र मुंबई आहे. रेडिओ, चित्रपट किंवा दूरचित्रवाणी यांपैकी कशाचाही आधार या संगीताला मिळालेला नाही. पूर्वी ते कॅसेटी, टपाल आणि हाताने काढलेल्या नियतकालिकांतून पसरले. आता ते इंटरनेटवरून पसरते.

डेथ मेटलची सुरुवात अमेरिकेत झाली. पझेस्ड या बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) आणि डेथ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोअर’ (१९८७) हे आरंभीचे अल्बम. पुढे फ्लॉरिडातील टँपा शहरातला मॉरिसाउंड स्टुडिओ आणि तिथला ध्वनिमुद्रक स्कॉट बर्न्स यांच्यामुळे या शाखेला ठरावीक घोटीव आवाज मिळाला. मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ (१९८९) याच स्टुडिओत मुद्रित झाला. त्याच सुमारास स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत बॉसच्या एचएम-२ या गिटार-पेडलच्या सगळ्या घुंड्या टोकाला नेऊन करवतीसारखा खरखरीत गिटारस्वर काढला गेला. एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) हा त्याचा नमुना.

ब्लॅक मेटल हे नाव इंग्लंडच्या व्हेनम या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून आले, पण त्याचे रूप नव्वदच्या दशकात नॉर्वेत घडले. डार्कथ्रोनचा ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ (१९९२), मेहेमचा ‘दे मिस्तेरिइस दोम सथानास’ आणि एम्परर बँडचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ (दोन्ही १९९४) हे त्यातले ठळक अल्बम. डार्कथ्रोनने ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) चार ट्रॅकच्या साध्या घरगुती यंत्रावर मुद्रित केला. त्याचा पातळ, गारठलेला आवाज मुद्दाम राखलेला आहे, हे ठाऊक नसलेला श्रोता आपलाच स्पीकर बिघडला असे समजतो. नॉर्वेत त्या काळी चर्चच्या इमारती जाळल्या गेल्या आणि १९९३ मध्ये मेहेमचा गिटारवादक ऑयस्टीन ऑर्सेथ याचा खून बर्झम या बँडच्या वार्ग विकेर्नेसने केला. वृत्तपत्रांना एवढेच आठवते. संगीत त्या बातम्यांपेक्षा मोठे आहे, पण त्या बातम्या खोट्या नाहीत. या शाखेच्या एका टोकाला उघड वंशवादी बँडही आहेत. अल्बम विकत घेण्यापूर्वी बँडची माहिती काढावी लागते ती यासाठी.

श्रवणाची अडचण बहुतेकांना गळ्यापाशी येते. गायकाचा घुरघुरता आवाज हा आरडाओरडा नसतो. मुख्य स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या कंपित करून, श्वासावर ताबा ठेवून तो काढला जातो. तंत्र चुकले तर घसा जातो. गीताचे शब्द पहिल्या ऐकण्यात कळत नाहीत, आणि कळायची गरजही नसते. ते आतल्या पुस्तिकेत छापलेले असतात. कान आधी ढोलांवर द्यावा. ब्लास्ट बीट, म्हणजे स्नेअर आणि पायाचा ढोल यांचा अतिजलद मारा, प्रथम एकसलग कोसळतो. मग वादक कुठे थांबतो, कुठे निम्म्या गतीवर उतरतो हे उमगू लागते आणि गाण्याचे सांधे दिसतात.

ख्याल ऐकणाऱ्या मराठी कानाला दोन शाखांतला फरक चटकन समजावा. ब्लॅक मेटलमध्ये दोनतीन स्वरवाक्ये ट्रेमोलो पद्धतीने, म्हणजे तारेवर अखंड वरखाली आघात करत, पुन्हापुन्हा फिरवली जातात आणि आवर्तनातून वातावरण साठत जाते. डेथ मेटलमध्ये चार मिनिटांत दहाबारा रिफ, म्हणजे गिटारची ठसठशीत स्वरवाक्ये, येतात आणि प्रत्येक पुढच्याला धक्का देऊन निघून जाते. पहिल्यात धीर लागतो, दुसऱ्यात स्मरण. नवख्याने डेथ बँडचा ‘ह्यूमन’ (१९९१) आणि स्वीडनच्या डिसेक्शनचा ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ (१९९५) यांपासून आरंभ करावा असे या नोंदीचे मत आहे. दोन्हींत उग्रपणाखाली स्पष्ट सुरावट आहे.

महाराष्ट्रात रॉकचा जाहीर मंच १९८६ पासून मुंबईत इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने दिला. धोबीतलावजवळच्या रंगभवनात भरणारे हे कार्यक्रम ध्वनिप्रदूषणविषयक नियमांतील शांतता क्षेत्रामुळे तिथून हलले. १९९३ मध्ये अलाहाबादहून निघू लागलेल्या ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ मासिकाने देशभरच्या बँडांना एकमेकांची खबर दिली. परदेशी अल्बम हवा असेल तर काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हा मुंबईकरांचे एक भरवशाचे ठिकाण होते. ते २०१६ मध्ये बंद झाले. त्या दुकानात न मिळणारे बरेच काही टपालानेच यायचे, आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून एक सीडी मूळ किमतीच्या दुपटीलाही जायची.

मुंबईच्या बँडांपैकी डिमॉनिक रिझरेक्शन (स्थापना २०००) सर्वांत दूर पोचला. संस्थापक साहिल माखिजा ‘डिमनस्टीलर’ या नावाने ओळखले जातात. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) त्यांनी स्वतःच्या डिमनस्टीलर रेकॉर्ड्समार्फत काढला, ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) ब्रिटिश कँडललाइट रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बँड ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजला. ‘दशावतार’ (२०१७) हा मराठी वाचकाला सर्वांत जवळचा. मत्स्य ते कल्की अशी विष्णूच्या दहा अवतारांची दहा गाणी त्यात आहेत. विषय घरचा असल्याने पहिल्या ऐकण्यात दार लवकर उघडते, तरी संगीत म्हणून आधीचा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ अधिक बांधीव आहे. माखिजा ‘हेडबँगर्स किचन’ या पाककृतींच्या यूट्यूब मालिकेसाठीही प्रसिद्ध आहेत आणि मेटल न ऐकणारे अनेक जण त्यांना तेवढ्यावरूनच ओळखतात.

भयानक मौत (स्थापना २००३) याच शहराचा. ‘मॅन’ (२०१४) हा त्यांचा सर्वांत घट्ट अल्बम. गटस्लिट (स्थापना २००७) ब्रूटल डेथ मेटल वाजवतो. ‘स्क्युअर्ड इन द स्युअर’ (२०१३) आणि ‘अँपुथिएटर’ (२०१७) हे त्याचे अल्बम, आणि युरोपात त्याचे अनेक दौरे झाले आहेत. प्रिमिटिव्हचा ‘इमॉर्टल अँड व्हाइल’ (२०१६) डेथ मेटल आणि डूम मेटल ही संथ शाखा यांच्या सीमेवर संथपणे चालतो. ब्लॅक मेटलमध्ये सोलर डेइटी हे नाव घ्यावे लागते. बहुतेक गीते इंग्रजीत आहेत.

बँडांपेक्षाही मोठे मुंबईचे योगदान प्रकाशनात आहे. कुणाल चोक्सी यांची ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी ही संस्था मुंबईतून चालते आणि जगभरचे बँड तिच्यामार्फत अल्बम काढतात : ब्राझीलचा ज्युपिटेरियन (‘टेराफॉर्मिंग’, २०१७), ऑस्ट्रेलियाचा डिप्रॅव्हिटी (‘ईव्हिल अपहीव्हल’, २०१८), नेदरलंड्सचा ऑफिसियम ट्रिस्ट (‘द डेथ ऑफ गाया’, २०१९), अमेरिकेचा रेप्लिकंट (‘मॅलिग्नंट रिॲलिटी’, २०२१). वैदिक विषयांवर गाणाऱ्या सिंगापूरच्या रुद्राचा ‘एनिमी ऑफ ड्युअॅलिटी’ (२०१६) आणि वर आलेले ‘अँपुथिएटर’ व ‘इमॉर्टल अँड व्हाइल’ याच संस्थेचे. पूर्वी इथला रसिक परदेशी संस्थेकडे मागणी नोंदवत असे. आता स्वीडन-जर्मनीतला रसिक मुंबईच्या संस्थेकडे नोंदवतो. या उलटलेल्या प्रवाहाची नोंद मराठीत फारशी झालेली नाही.

पुण्यात एनएच७ वीकेंडर हा महोत्सव २०१० पासून भरू लागला आणि त्यात मेटललाही जागा राहिली. २०१९ मध्ये डेथ मेटलमधूनच पुढे आलेला स्वीडनचा ओपेथ तिथे वाजला. पण मोठा महोत्सव आणि अंडरग्राउंड श्रवण यांतला फरक पुण्याच्या पश्चिमेच्या, मुळशी तालुक्यातील लवळे या गावात दिसतो. सिंबायोसिस व फ्लेम या विद्यापीठांच्या संकुलांमुळे तिथे देशभरातून विद्यार्थी येतात. २०१७ आणि २०१८ च्या डिसेंबरात सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा महोत्सव लवळे-बावधन भागातील ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर झाला. सनबर्नला मैदान, दारूचे परवाने आणि बंदोबस्त लागतो. अंडरग्राउंड मेटलला यांतले काही लागत नाही : वसतिगृहाच्या खोलीतला हेडफोन पुरतो, आणि गावात दुकान नसल्याने काही अडत नाही.

नवे अल्बम शोधायची रीत सोपी आहे, मात्र वेळ खाते. आवडलेल्या एका अल्बमवरून मागे जायचे : प्रकाशक कोण, मुद्रण कुठे झाले, ढोलवादक आणखी कुठे वाजवतो. मुखपृष्ठही खूण देते. ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ आणि ‘लेफ्ट हँड पाथ’ या दोन्हींची चित्रे डॅन सीग्रेव्ह याची आहेत. काटेरी झाडासारखी न वाचता येणारी बँडनावेही कोणीतरी काढलेली असतात. एम्पररचे बोधचिन्ह बेल्जियमच्या क्रिस्तोफ श्पायडेलचे. २००२ पासून चालणाऱ्या ‘एन्सायक्लोपीडिया मेटॅलम’ या संकेतस्थळावर बँड, सदस्य आणि अल्बम यांच्या नोंदी मिळतात. तिथल्या टक्केवारीतल्या गुणांवर मात्र विसंबू नये. शंभर देणारा आणि शून्य देणारा दोघेही बहुधा भांडायलाच आलेले असतात.

अल्बम पूर्ण ऐकून विकत घेता येतात ते मुख्यतः बँडकँपवर. डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के वाटा हे संकेतस्थळ ठेवते. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडून देते. खरेदी शक्यतो त्या दिवशी करावी.