हवेचा हिशेब, आलापल्ली

ट्रक दुकानापुढं लागला की ‘हवा किती मारू’ हे मी आधी विचारत नाही. आधी विचारतो, ‘माल काय हाय भाऊ, आन् चालला कुठं?’ टायरच्या बाजूला छापलेला आकडा कुणालाही वाचता येतो. पण तो पूर्ण भरलेल्या टायरचा आकडा असतो. या चाकावर आज खरोखर किती ओझं आहे, पुढं डांबर आहे की मुरूम, दिवस पौषाचे आहेत की वैशाखाचे, यावर हवा ठरते. आलापल्लीहून अहेरी, सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, आष्टी असे रस्ते फुटतात आणि या जंगलानं बाहेर जे काही धाडलं, त्यातलं पुष्कळ याच गावावरून गेलं. त्यामुळं इथल्या हवेचा इतिहास सांगायचा म्हणजे मालाचाच सांगावा लागतो.

पहिला माल सागवान. तो बंडीनं निघे. आमचे आजोबा बंड्यांची चाकं करत आणि त्यांच्या धंद्याचा वैरी होता उन्हाळा. तुंबा, त्यात बसवलेले आरे, त्यावर लाकडी घेर आणि सगळ्यांवर लोखंडी धाव. धाव घेरापेक्षा जराशी लहान घडवायची, गोवऱ्यांच्या आरात लाल होईस्तोवर तापवायची, दोघातिघांनी सांडशीत धरून चाकावर चढवायची आणि लगेच घागरीनं पाणी ओतायचं. लोखंड आकसताना आरे कर्र करून आपापल्या जागी बसत. पण मे लागला की लाकूड सुके आणि हीच धाव खुळखुळायला लागे. मग बंडीवाले रात्री चाकं काढून तळ्यात बुडवून ठेवत. लाकूड फुगलं की सकाळी बंडी पुन्हा तयार. चाकाची निगा म्हणजे तेव्हा वंगण आणि पाणी. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पुरा झाला आणि मद्रास-दिल्लीची थेट वाट बल्लारशावरून गेली. तिथल्या लाकूड डेपोला महत्त्व आलं. तरी जंगलातून रस्त्यापर्यंत ओंडका आणायचं काम बैलाचंच राहिलं, काही ठिकाणी कमलापूरच्या सरकारी हत्तींचं.

हवेचं चाक इकडं उशिरा आलं. डनलॉपनं आयर्लंडमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला तो १८८८ मध्ये. त्याच्या नावाच्या कंपनीनं बंगालात साहागंजला कारखाना घातला तो १९३६ मध्ये. पुढं ज्या शेतकऱ्याच्या बंडीला रबरी चाकं, त्याची ‘डनलॉप गाडी’ म्हणून गावात मिजास असे. पण आमच्या भागात टायरचा खरा धंदा उभा केला तो बांबूनं. १९४५ मध्ये बल्लारपूरला कागदाच्या कारखान्याची सुरुवात झाली आणि त्याच्या तोंडात घालायला इथून ट्रकच्या ट्रक बांबू जाऊ लागला.

माझी सुरुवात बांबूच्या ट्रकवर क्लीनर म्हणून झाली. बांबू दिसतो डोंगराएवढा, वजनाला मात्र बेताचा. टायर वजनानं मरत नसे, खुंटानं मरे. कोयत्यानं तिरपा छाटलेला बांबूचा खुंट गवतात लपलेला असतो आणि सुकला की त्याला भाल्याची धार येते. कुपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, गाडी बाहेर काढताना ‘फुस्स’ ऐकू आलं की सगळ्यांची तोंडं उतरत. दुकान चाळीस-पन्नास किलोमीटरवर. आमच्याजवळ जॅक, टॉमी, घण, रबराचे तुकडे, सोल्यूशनची डबी आणि हातपंप. ज्यांनी कारचा टायर कधी हातपंपानं भरून पाहिला असेल त्यांनी ट्रकच्या टायरची कल्पना करू नये. दोघं आळीपाळीनं हाणायचे, अंगातला सदरा पिळून निघायचा, आणि काटा साठ पौंडांवर रेंगाळायचा. हवे असत शंभर. ड्रायव्हर म्हणे, ‘चालते, चाल.’ तसंच रेटत निघायचं. टायरचा जीव घेणारं वाक्य या धंद्यात दुसरं नाही.

हवा पाहायची रीत म्हणजे टॉमी, तो लोखंडी दांडा. गाडीभोवती फिरायचं आणि प्रत्येक टायरवर एक ठोका हाणायचा. भरलेला टायर टणक बोलतो आणि टॉमी उसळून हातात परत येते. बसलेला टायर ‘थप्प’ करतो. मागच्या जोडीत आतला टायर दिसत नाही, म्हणून ठोकणं तिथंच जास्त गरजेचं. आतला कमी झाला की बाहेरचा दोघांचं ओझं घेतो, दोन्ही एकमेकांना घासतात, तापतात. दोघांच्या फटीत दगड अडकला तर वेगळंच. मेलेला टायर ठोक्यानं कळतो हे खरं, पण शंभराचा ऐंशी झालेला कळत नाही, आणि जास्त नुकसान तोच करतो. काटा आणि टॉमी यांत अजूनही पुष्कळ ड्रायव्हर टॉमीलाच मानतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, काटा लावून दाखवतो.

पुढं मी दुकानात लागलो ते एका केरळी उस्तादाच्या हाताखाली. नागपूरपासून हैदराबादपर्यंत हमरस्त्यावर ‘केरला टायर’च्या पाट्या दिसतात. रबर पिकवणाऱ्या मुलखातली ही माणसं टायरचं काम हातात घेऊन देशभर पसरली. उस्तादानं पहिल्यांदा शिकवली ती रिंग. जुन्या नायलॉन टायरची रिम एकसंध नसते. ट्यूब, तिच्याखाली फ्लॅप, आणि टायर बाहेर निसटू नये म्हणून एका बाजूला चिरलेली लोखंडी रिंग. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळायची, म्हणजे ती टायरला चिकटून चुरगळत नाही. रिंग खाचेत बसवायची. मग थोडीशीच हवा सोडून थांबायचं आणि बोट न लावता, डोळ्यांनी, रिंग चारी अंगांनी बसली का ते पाहायचं. एका जागी जरी वर आलेली दिसली तर सगळी हवा काढून पुन्हा पहिल्यापासून. हवा असताना घण मारायचा नाही. पुढची हवा भरताना रिमच्या भोकांतून आडवी पहार घालायची, रिंगेची बाजू भिंतीकडं करायची आणि आपण बाजूला उभं राहायचं. शंभर पौंडांवर सुटलेली रिंग माणसाला उरू देत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ट्रक अड्ड्यावर विचारा, असा एकतरी माणूस तिथल्यांना आठवतो.

उस्तादाकडं पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर होता आणि तो फिरवायला किर्लोस्करचं डिझेल इंजिन. विजेची मोटर नंतर आली, पण इंजिन कुणी विकलं नाही, कारण वीज पावसाळ्यात कधी जाईल आणि कधी येईल ते सांगता येत नसे. रस्त्याकडेला जुना टायर टांगून त्यावर चुन्यानं ‘हवा’ लिहिलं की दुकानाची जाहिरात झाली. भामरागडकडची गिऱ्हाइकं वेगळी होती. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती जिथं मिळतात त्या गावाचा पावसाळ्यात जगाशी संबंध तुटे. उन्हाळ्यात पूल नसलेल्या नाल्यांतून, रेतीतून गाड्या काढायच्या. रेतीत टायर रुतू नये म्हणून हवा कमी करतात, तेवढा तो पसरतो. उतरताना सगळेच हवा सोडत. पलीकडं गेल्यावर परत हातपंप मारायची तयारी फार थोड्यांची. भामरागडजवळच्या हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला तेव्हा त्या वाटेवर काय हाल असतील, ते त्या गाड्यांच्या टायरवरून मला कळत असे.

आता उन्हाळ्याचं. चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो हे बातम्यांत येतं, डांबराचं तापमान येत नाही. ड्रायव्हर दुपारी येतो, काटा लावतो, ११० दिसतात, म्हणतो, ‘जास्त झाली, दहा पौंड सोड.’ सोडू नये. सकाळी २० अंशांवर १०० पौंड भरलेली हवा ४५ अंशांवर नुसती उभ्या गाडीतही ११० च्या आसपास दाखवते. धावत्या टायरची स्वतःची गरमी त्याहून वेगळी. ती वाढ टायरनं धरलेलीच असते. तापलेल्याची हवा काढली तर पहाटे तोच टायर नव्वदवर येतो, जास्त दबतो, जास्त तापतो आणि कुठंतरी गोंडपिपरीच्या पुढं फुटतो. मेमध्ये तेंदूपत्त्याची पोती भरलेल्या गाड्या निघतात. माल हलका आणि कोरडा, एक तापलेली जोडी पेटायला पुरते.

१९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतरची आमच्या धंद्याची दिनदर्शिका थोडी निराळी होती. २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर हे नक्षल्यांचे सप्ताह असत. रस्त्यावर झाडं आडवी, गाड्या आलापल्लीत उभ्या. सप्ताह सरला की पहिल्या दिवशी आमच्याकडं रांग, कारण आठवडाभर भरल्या वजनात एका जागी उभ्या राहिलेल्या टायरची हवा बसलेली असे.

मग लोखंड आलं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावरून घुग्गुसकडं माती निघाली. इथं तिला सगळे मातीच म्हणतात. या मालानं आमचं सगळं गणित उलटं केलं. टिपरच्या डाल्यात ढीग अर्ध्यावर दिसतो, वरून वाटतं गाडी रिकामी चालली, आणि चाकं मात्र दबलेली. बांबूच्या नजरेनं हवा ठरवणारे जुने हात इथं साफ चुकले. डिसेंबर २०१६ मध्ये तिथं सत्तरहून जास्त वाहनं एकाच दिवशी जाळली गेली. जळलेला नायलॉन टायर काठाच्या तारांच्या दोन कड्या मागं ठेवतो. रेडियल जळला की सबंध पोलादी जाळं उरतं, गंजलेल्या केसांच्या गुंत्यासारखं. पुढं काम पुन्हा सुरू झालं, वाढलं, आणि रेडियलच्या १२० पौंडांना पुरेसा कॉम्प्रेसर इथल्या प्रत्येकाला घ्यावा लागला. २०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीला सुमारे ८५ किलोमीटरची नळी सुरू झाली. तिच्यातून माती पाण्यात कालवून वाहते. नळीला टायर लागत नाही. रस्त्याकडेच्या गावांना धुळीतून थोडी सुटका मिळेल, त्यात मला आनंदच आहे. दुकानाचं काय, ते दुकान पाहील.

नवीन गिऱ्हाईक म्हणजे कॅरॅव्हॅन. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि ताडोबा पाहून हेमलकशाला निघालेलं एखादं चाकांवरचं घर आता कधीमधी आमच्या दारात थांबतं. गेल्या हिवाळ्यात पुण्याचं एक जोडपं आलं, बसच्या चेसिसवर बांधलेली गाडी घेऊन. प्रत्येक व्हॉल्व्हला सेन्सर, समोर पडद्यावर आकडे.

‘काका, कंपनीनं सांगितलेली हवा आहे, तरी गाडी डावीकडं ओढते,’ साहेब म्हणाले. ‘नायट्रोजन भरू का?’

‘साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच हाय जी. आधी वजन करू.’

त्यांना धर्मकाट्यावर नेलं. पुढची चाकं, मागची चाकं, मग एकेक बाजू काट्यावर चढवून. ओटा, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सगळं डावीकडं. मागच्या आसाला डावी बाजू चार क्विंटलनं जड निघाली. अशा वेळी जड बाजूला लागेल तेवढी हवा आसाच्या दोन्ही बाजूंना भरतात, एकीकडं कमी-एकीकडं जास्त करत नाहीत. आणि भरतात ती सूर्य वर येण्याआधी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. टाकीतलं निम्मं पाणी आणि वरचं सामान उजवीकडं हलवायला सांगितलं ते वेगळं.

सकाळी हवा भरताना बॅटरी मारून टायरच्या बाजूचे चार आकडे पाहिले: २३१६. म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी अगदी शाबूत, कारण गाडी वर्षातले दहा महिने सोसायटीच्या आवारात उभी. पण बाजूच्या रबरावर बारीक भेगांची जाळी. ट्रकचा टायर झिजून मरतो, हा उभ्या उभ्या म्हातारा झालेला. ‘भामरागडच्या वाटेला हे नेऊ नका,’ मी म्हटलं. साहेबांनी एकदा बाईंकडं पाहिलं, मग खाली वाकून भेगांवरून बोट फिरवलं. सहा टायर चंद्रपूरहून मागवले. ते यायला दोन दिवस लागले. तोवर गाडी माझ्या आवारातच होती, आणि घर सोबतच असल्यानं त्यांचं काही अडलं नाही. उलट दोन्ही दिवस मलाच चहा त्यांच्याकडून आला.