चौदा वर्षांची मुलगी बोलते तेव्हा

आजचा विषय आयोजकांनी दिला तो असा : तरुणांना स्वतःचा आवाज कसा सापडेल, त्यांच्यातून नेतृत्व कसं घडेल. आता या विषयावर शिबिरं पुष्कळ होतात. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे उपाय सांगण्यापेक्षा उदाहरण तपासून पाहायची सवय जास्त. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ. पुण्यातलं, १८५५ सालचं.

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात एक निबंध दोन भागांत छापून आला. ‘ज्ञानोदय’ म्हणजे अमेरिकन मिशनचं, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेलं पत्र. निबंधाचा विषय होता मांग-महारांचं दुःख, आणि लिहिणारी होती मुक्ता साळवे. जातीने मांग, वय सुमारे चौदा वर्षं, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी.

आधी शाळा चालवणाऱ्यांची वयं बघा. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा जोतीराव एकवीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या आधी घरी शिकल्या, मग शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे मुक्तेला शिकवणारी बाई स्वतः नुकतीच त्या वाटेने चालून आलेली होती. ‘आम्ही मोठे, तुम्हाला घडवतो’ हा थाट तिथे नव्हताच. पुढे १८५२ च्या सुमारास अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. वस्तीतली मुलं शाळेत यावीत म्हणून लहुजी साळवे यांनी खटपट केली. लहुजी म्हणजे तालमीचे वस्ताद. जोतीरावही त्यांच्याकडे दांडपट्टा शिकलेले. ज्या माणसाचा शब्द वस्तीत चालतो, त्याने ‘पोरांना शाळेत धाडा’ म्हणणं याला फार मोल होतं.

आता निबंधात काय आहे ते माझ्या शब्दांत सांगतो. सुरुवातीला ती देवाशी बोलते. मग पंडितांकडे वळते आणि एक प्रश्न टाकते. वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील आणि आम्हाला ते बघायचीही मुभा नसेल, तर आमचा धर्मग्रंथ कोणता? ग्रंथ नाही, म्हणजे आम्ही धर्माशिवायच आहोत ना? मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग! मी तर्कशास्त्र शिकवायचो, म्हणून सांगतो, ही युक्तिवादाची अस्सल रीत आहे. प्रतिपक्षाचंच विधान खरं धरायचं, आणि ते त्याला कुठे नेऊन सोडतं ते दाखवायचं. सॉक्रेटिसाने वेगळं काय केलं होतं?

पुढे ती पेशवाईतल्या जुलमांबद्दल लिहिते. तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं मुंडकं उडवून त्याचा चेंडू करून खेळत, असं ती सांगते. हे तिने स्वतः पाहिलेलं नाही. पेशवाई संपली १८१८ ला, म्हणजे तिच्या जन्माआधी वीसेक वर्षं. वडीलधाऱ्यांच्या आठवणींतूनच ते तिच्यापर्यंत आलं असणार. इतिहासकार म्हणून त्यातला तपशील तपासावा लागेल, जरूर तपासावा. पण ज्यांच्याकडे बखर लिहिणारा नव्हता, त्यांची स्मृती इथे पहिल्यांदा कागदावर येते आहे, हेही विसरू नका. आणि त्यांच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं हे ती लिहिते, ते मात्र तिच्या डोळ्यांसमोरचं आहे.

शेवटी ती आपल्याच माणसांकडे वळते. त्यांना म्हणते की तुम्ही आजारी आहात, आणि ज्ञान हे त्यावरचं औषध आहे. आता या निबंधाचा क्रम लक्षात घ्या : देव, पंडित आणि मग आपली माणसं. गाऱ्हाणं, जाब आणि आवाहन. चौदा वर्षांची मुलगी ‘मी’वर थांबत नाही, ‘आम्ही’ म्हणते आणि त्या ‘आम्हा’ला पुढे चला म्हणते. नेतृत्व म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आता मूळ प्रश्न. हे घडलं कसं? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, त्या शाळेने पाया घातला : वाचन, लेखन, व्याकरण, हिशेब. नुसतं ‘व्यक्त व्हा’ म्हणून कोणी व्यक्त होत नाही, त्याला भाषा हाताशी लागते. दुसरी, मुलीचं स्वतःचं जगणं हा निबंधाचा विषय होऊ शकतो, हे तिथे मान्य होतं. आणि तिसरी, तिला श्रोते मिळाले. या शाळांच्या परीक्षा चारचौघांसमोर होत, मुलं मोठ्यांच्या देखत उत्तरं देत. त्यात हा निबंध छापला गेला. गंमत बघा, त्याच १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं, ते दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारलं. गुरूचं लेखन नाकारलं गेलं आणि शिष्येचं छापून आलं!

इथे मला स्वतःबद्दल एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी बी.ए.च्या वर्गाला ‘स्वातंत्र्य’ या विषयावर निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं की तिची आई पहाटे चार वाजता पाण्याला जाते, आणि परत येईपर्यंत घरातलं कोणी उठत नाही. आईला आवडते ती तेवढीच वेळ. मी लाल शाईने शेरा मारला, ‘विषयाला धरून लिहावे.’ मला त्यात कांट हवा होता, मिल हवा होता. पुढच्या वेळी तिने गाइडमधून उतरवून दिलं, आणि मी चांगले गुण दिले. वर्षभर ती वर्गात पुन्हा काही बोलली नाही. ती विषयाला धरूनच लिहीत होती, हे मला कळायला वीस वर्षं लागली. तोवर ती कुठे आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ‘तरुणांना आवाज देणं’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. आवाज त्यांच्याकडे असतोच हो! सॉक्रेटिसाची आई सुईण होती आणि तो स्वतःच्या कामालाही सुईणीचंच काम म्हणायचा. सुईण मूल देत नाही, मूल बाहेर येताना हात देते. पण मुक्तेचं वाक्य आठवा. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परच नसेल तर सुईण एकटी काय करणार? शाळा, वाचनालय, सभा, छापखाना, हे ते छप्पर. ते उभं करणं मोठ्यांचं काम आहे. त्याखाली काय जन्माला यावं, हे मात्र मोठ्यांनी ठरवायचं नाही.

आणि हे अवघड असतं. मुक्ता इंग्रजी राज्याबद्दल बरं बोलते. तिच्या लेखी जुलूम त्या राज्यात थांबला. आज वाचताना आपल्यापैकी काहींना हे रुचत नाही. पण तरुण माणसाने आपल्याला पटेल तेच बोलावं अशी अट असेल, तर ते पाठांतर झालं. त्याला आवाज म्हणता येणार नाही. त्यासाठी बक्षीस समारंभ पुरेसे आहेत.

या निबंधानंतरचं मुक्तेचं लेखन आपल्या हाती नाही. एवढी तर्कशुद्ध बुद्धी, आणि एक निबंध. हे मला तिच्या निबंधाइतकंच बोलकं वाटतं. एकदा व्यासपीठावर उभं केलं, टाळ्या वाजवल्या, म्हणजे नेता घडत नाही. दुसरा निबंध, तिसरा निबंध लिहायला जागा, वेळ आणि ऐकणारा माणूस लागतो, वर्षानुवर्षं लागतो.

म्हणून समोर बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगतो. या आठवड्यात एखाद्या मुलाचं लिहिलेलं वाचाल, तेव्हा लाल पेन दोन मिनिटं खाली ठेवा. आधी त्याला विचारा, ‘हे तू का लिहिलंस?’ आणि मग उत्तर येईपर्यंत थांबा. मी थांबलो नव्हतो.