बेट आणि जंजिरा

बारडोलीस समुद्र नाही. पण समुद्राचा इतिहास येथून दूर नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली आणि त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सागर हाती नसेल तर किनाराही आपला राहत नाही, हे तेव्हा ओळखले गेले होते.

शब्दांतही हा इतिहास उमटला आहे. संस्कृत ‘द्वीप’ म्हणजे दोहों बाजूंस पाणी असलेली भूमी. अरबी ‘जझीरा’ म्हणजे केवळ बेट. मराठीत त्याचा ‘जंजिरा’ झाला, तो जलदुर्ग या अर्थाने. द्वीप निसर्गाचे, जंजिरा मनुष्याचा. आमचे ‘बेट’ तर बांबूंचेही असते. तेथे एकाकीपणा नसून एकमेकांस धरून उभे राहणे आहे.

साहित्यातही तेच दिसते. डीफोचा क्रूसो (१७१९) निर्जन बेटावर संसार मांडतो. १९११ मध्ये अंदमानास गेलेल्या सावरकरांनी कागदावाचून ‘कमला’ हे काव्य रचले आणि स्मरणात जपले. बंदिवासाच्या बेटावरही मराठी एकाकी पडली नाही.

सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र असता दुर्ग जगला तो या विहिरींवर. बारडोलीतील आमची मराठी घरे हेही एक लहानसे बेट होय. भोवतीची गुजराती खारी नव्हे, स्नेहाचीच. तथापि उपसा थांबला की घरची विहीर गाळाने भरते. मुलांच्या मुखी मराठी ठेवणे, हाच तो उपसा, असे आम्ही मानतो.