मॉर्मन पंथ : श्रद्धा, उपासना आणि समाजजीवन

पांढरा सदरा, गडद रंगाचा टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावलेले दोन तरुण जोडीने फिरताना दिसले, की ते मॉर्मन प्रचारक आहेत हे ओळखायला वेळ लागत नाही. अमेरिका, कॅनडा वा आखातात स्थायिक झालेले आपले अनेक बांधव या पंथाच्या शेजाऱ्यांत व सहकाऱ्यांत वावरत असतात. ‘तेही प्रभू येशूचेच नाव घेतात, मग ते आपल्यासारखेच ख्रिस्ती नव्हेत काय?’ हा प्रश्न त्यांच्याकडून वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

या पंथाचे अधिकृत नाव ‘अंतिम दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची ख्रिस्तसभा’ असे आहे. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव त्यांच्या ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या धर्मग्रंथावरून पडले. २०१८ मध्ये त्यांचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव टाळून पूर्ण नाव वापरावे, असे आवाहन केले. या लेखात केवळ ओळखीच्या सोयीसाठी प्रचलित शब्द वापरला आहे.

उगम आणि स्थलांतर

पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा जन्म १८०५ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. पुढे त्यांचे कुटुंब न्यूयॉर्क राज्यात आले. त्या भागात तेव्हा धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट उसळली होती आणि निरनिराळे प्रोटेस्टंट पंथ परस्परांशी स्पर्धा करीत होते. यांपैकी खरा पंथ कोणता, या प्रश्नाने व्याकूळ होऊन आपण १८२० मध्ये रानात प्रार्थना केली. तेव्हा पिता आणि पुत्र यांनी दर्शन देऊन कोणत्याही पंथात सामील न होण्यास सांगितले, असे स्मिथ यांचे कथन आहे. पुढे मोरोनी नामक देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील मजकुराचे आपण ईश्वरी सामर्थ्याने भाषांतर केले, असेही ते सांगत. तोच ‘मॉर्मनचा ग्रंथ’. तो १८३० मध्ये पालमायरा येथे छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी पंथाची स्थापना झाली.

ख्रिस्तपूर्व सहाशेच्या सुमारास जेरुसलेमहून निघालेले एक कुटुंब अमेरिका खंडात पोहोचले, तेथे त्याचा वंशविस्तार झाला आणि पुनरुत्थानानंतर प्रभू येशूने त्या लोकांना भेट दिली, अशी या ग्रंथाची कथा आहे. पंथाबाहेरील इतिहासकार व पुरातत्त्वज्ञ तिला ऐतिहासिक मानत नाहीत.

नव्या पंथाला प्रखर विरोध झाला. ओहायो, मिसुरी, इलिनॉय असा त्यांचा प्रवास झाला. १८३८ मध्ये मिसुरीच्या राज्यपालाने तर मॉर्मन लोकांना राज्यातून हाकलून द्यावे अथवा नष्ट करावे, असा हुकूमच काढला. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथ व त्यांचे बंधू हायरम यांची हत्या केली. त्यानंतर ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबे बैलगाड्यांनी आणि पुढे हातगाड्या ओढीत पश्चिमेकडे गेली. त्यांची पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये ज्या खोऱ्यात पोहोचली, तेथे आजचे सॉल्ट लेक सिटी उभे आहे. या हालअपेष्टांची आठवण त्या समाजाने जिवापाड जपली आहे आणि त्यांची एकजूट तिच्यातूनच घडली आहे.

बहुपत्नीत्वाविषयी लोकांना विशेष कुतूहल असते. १८५२ मध्ये पंथाने ही प्रथा उघडपणे जाहीर केली आणि १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ती मागे घेतली. आज असा विवाह करणाऱ्याला पंथातून काढून टाकले जाते. ही प्रथा अजून पाळणारे काही फुटीर गट आहेत; मुख्य पंथाशी त्यांची गल्लत करू नये. तसेच कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद न देण्याचे धोरण १९७८ मध्ये रद्द झाले.

शब्द तेच, अर्थ वेगळा

कॅथलिक वाचकाने सर्वांत सावध राहावे ते येथे. मॉर्मन बांधव ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ हे शब्द उच्चारतात. परंतु पवित्र त्रैक्याचा आपला सिद्धांत त्यांना मान्य नाही. त्यांच्या मते हे तिघे पृथक आहेत, केवळ हेतूने एक आहेत आणि पित्याला मांसाचे व हाडांचे शरीर आहे. मनुष्याचा आत्मा जन्मापूर्वीपासून अस्तित्वात असतो आणि आज्ञापालनाने तो अखेरीस देवासारखा होऊ शकतो, असे ते मानतात. निर्माता आणि निर्मिती यांत आपण जी अनुल्लंघनीय सीमा मानतो, ती येथे पुसट होते. प्रेषितांच्या मृत्यूनंतर ख्रिस्तसभेतील अधिकार लोप पावला व तो स्मिथ यांच्याद्वारे पुनःस्थापित झाला, हीही त्यांची मूलभूत धारणा आहे. प्रेषितीय परंपरेचा धागा अखंड आहे असे मानणाऱ्या आपणांस ती स्वीकारता येणे शक्य नाही.

मॉर्मन स्नानसंस्कार ग्राह्य आहे काय, असा प्रश्न व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळापुढे आला, तेव्हा ५ जून २००१ रोजी मंडळाने ‘नाही’ असे स्पष्ट उत्तर दिले. त्या निर्णयावर तत्कालीन प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर यांची स्वाक्षरी आहे. पाणी तेच असले आणि शब्द जवळजवळ तेच असले, तरी त्या शब्दांमागील देवाची संकल्पनाच मूलतः भिन्न आहे, हे त्याचे कारण. अनेक प्रोटेस्टंट पंथांचा स्नानसंस्कार आपण ग्राह्य मानतो, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे गांभीर्य कळेल.

उपासना

रविवारची त्यांची सभा सर्वांना खुली असते. तिच्यात पाव आणि पाणी (द्राक्षारस नव्हे) आशीर्वादित करून वाटले जाते. ते स्मरणविधी म्हणून केले जाते. ख्रिस्ताच्या प्रत्यक्ष उपस्थितीची श्रद्धा त्यात नाही. प्रवचन ठरावीक धर्मगुरू करीत नाहीत. आळीपाळीने सामान्य सभासदांना, अगदी किशोरवयीन मुलांनाही, बोलण्यास सांगितले जाते. सभागृहात क्रूस लावण्याची प्रथा नाही. तीन तासांचा हा कार्यक्रम २०१९ पासून दोन तासांचा करण्यात आला आहे.

मंदिरे मात्र वेगळी. समर्पणानंतर तेथे केवळ पात्रतेचे पत्र मिळालेल्या सभासदांनाच प्रवेश मिळतो. पतिपत्नींना अनंतकाळासाठी जोडणारा विवाहविधी आणि मृतांसाठी प्रतिनिधीमार्फत होणारा स्नानसंस्कार तेथे पार पडतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील १५:२९ या वचनाचा ते आधार घेतात; संत पौलाचा तेथील मुख्य विषय पुनरुत्थान हा आहे. या विधीसाठीच पंथाने जगभरातील वंशावळीच्या नोंदींचा प्रचंड संग्रह केला आहे. म्हणूनच २००८ मध्ये व्हॅटिकनने महागुरुस्वामींना पत्राद्वारे कळविले, की धर्मग्रामांची नोंदपुस्तके छायाचित्रणासाठी या पंथाच्या वंशावळी संस्थेला देऊ नयेत. जुन्या नोंदवह्या सांभाळणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

समाजजीवन

सिद्धांत बाजूला ठेवले, तर या समाजाची शिस्त विलक्षण आहे. मद्य, तंबाखू, चहा आणि कॉफी त्यांना वर्ज्य आहेत. (आपल्याकडच्या पाहुणचारात चहा नाकारणारा पाहुणा यजमानाला कोड्यात टाकतो, त्यामागे १८३३ चा त्यांचा धर्मनियम असतो.) उत्पन्नाचा दहावा हिस्सा ते पंथाला देतात. सामान्यतः महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून वाचलेले पैसे गरिबांसाठी दिले जातात. सोमवारची संध्याकाळ कुटुंबासाठी राखीव ठेवण्याची त्यांची जुनी परंपरा आहे. स्थानिक मंडळीचा प्रमुख ‘बिशप’ म्हटला जातो. पण तो विवाहित, नोकरीव्यवसाय करणारा प्रापंचिक असतो आणि या सेवेबद्दल वेतन घेत नाही. अठरा-एकोणीस वर्षांचे तरुण शिक्षण थांबवून, स्वतःच्या वा कुटुंबाच्या खर्चाने, दीड ते दोन वर्षे परक्या देशात प्रचाराला जातात. आपल्या युवक-युवतींपैकी किती जण असे करतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

९ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अध्यक्ष नेल्सन यांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली. दुसऱ्याच दिवशी रोममधील मॉर्मन मंदिराचे समर्पण झाले. सेवाकार्य आणि कुटुंबमूल्ये यांबाबत उभय समाज अनेक ठिकाणी एकत्र काम करतात.

भारतात

मॉर्मन प्रचारक १८५० च्या दशकातच भारतात आले होते. त्यांतील ह्यू फिंडले यांनी मुंबई व पुणे येथे प्रचार केला, परंतु ते काम रुजले नाही. आज पंथाचे बळ प्रामुख्याने दक्षिणेत आहे. २०१२ मध्ये हैदराबाद येथे त्यांचा देशातील पहिला विभाग स्थापन झाला आणि बंगळुरू येथील मंदिराची पायाभरणी डिसेंबर २०२० मध्ये झाली. जगभरातील त्यांची सभासदसंख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे.

परदेशातील आपल्या मुलामुलींच्या विवाहाच्या निमित्ताने हा विषय थेट घरात येऊ शकतो. मॉर्मन व्यक्तीचा स्नानसंस्कार ग्राह्य नसल्यामुळे असा विवाह कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या मिश्र विवाहासारखा नसतो. कॅनन लॉच्या १०८६ व्या कलमानुसार स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी होणाऱ्या विवाहासाठी जी सूट लागते, तीच येथे महागुरुस्वामींकडून घ्यावी लागते आणि ती नसेल तर विवाह ग्राह्य ठरत नाही. मॉर्मन व्यक्तीला कॅथलिक होण्याची इच्छा असल्यास पूर्वतयारीनंतर तिला स्नानसंस्कार द्यावा लागतो. विवाहाची तारीख वा सभागृह ठरविण्याआधीच आपल्या प्रमुख धर्मगुरूंना भेटावे. ही सूट मिळण्यास काही अवधी लागतो.